पेन्शन नव्हती, म्हणून माणूसच नव्हता?

"पेन्शन चालू होती का त्यांची?"

"नाही."

"मग कशाला शोधताय? काही सापडायचं नाही."

एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीवरचा हा संवाद. खिडकीपलीकडचा माणूस उद्धट नव्हता. त्याने चहा अर्धा ठेवून आमचा कागद वाचला, परत दिला आणि शांतपणे हे सांगितले. आम्ही खारबावहून सकाळची दिवा लाइनची गाडी पकडून निघालो होतो. पिशवीत आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स, वडिलांचे आधार कार्ड आणि फडक्यात गुंडाळलेले एक काळवंडलेले पदक होते. आजोबा १९४२ साली फौजेत गेले आणि १९४६ साली परत आले. त्यांची कागदपत्रे आम्हाला हवी होती, एवढीच मागणी.

आजीने डिस्चार्जचा कागद पत्र्याच्या पेटीत जपला होता. घराची कुडाची भिंत पावसात बसली तेव्हा पेटी भिजली, उरले ते वाळवीने खाल्ले. त्यानंतर घरात फक्त गोष्ट राहिली. वडील सांगायचे, "बाबा बर्माला मशीनगनवर होते." काका सांगायचे, सुभेदार होते. जयंतीच्या दिवशी वस्तीत कोणी सांगायचे, त्यांना साहेबाने बक्षीस दिले होते. कागद नव्हता, त्यामुळे गोष्ट दरवर्षी थोडी मोठी होत गेली.

मित्रांनो, हा लेख आमच्या आजोबांचे कौतुक करण्यासाठी नाही. "पेन्शन नव्हती तर कागद नाही" हे वाक्य वरवर साधे कार्यालयीन वाक्य वाटते. त्याच्या आत शंभर-सव्वाशे वर्षांचा जातीचा इतिहास दडलेला आहे. तो बाहेर काढण्यासाठी हा लेख आहे.

नियम सगळ्यांना सारखा, मग फटका आपल्यालाच का?

सैन्याच्या नियमावलीनुसार ज्याला पेन्शन होती त्याची सेवेची कागदपत्रे सेवा संपल्यानंतर ५० वर्षे ठेवतात. ज्याला पेन्शन नव्हती त्याची २५ वर्षे. नंतर ती नष्ट करतात. साध्या शिपायाला पेन्शन मिळायला किमान १५ वर्षांची नोकरी लागते. वाचताना यात जात कुठेच दिसत नाही. नियम ब्राह्मणाला तोच, मराठ्याला तोच, महाराला तोच.

आता थोडे मागे जाऊ.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील मृतांची नावे तिथल्या स्तंभावर कोरली आहेत. त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. 'नाक' म्हणजे महार. हा त्या काळातला आपला सर्वांत पक्का दस्तऐवज आहे, आणि तो दगडावर आहे म्हणूनच उरला आहे. पुढच्या पिढ्यांत याच फौजेतून सुभेदार रामजी सकपाळ घडले. ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. आपल्या माणसांना पोटाला भाकरी तर फौजेने दिलीच, शिवाय पाटी-पेन्सिलही दिली. गावच्या शाळेने ज्यांना दाराबाहेर बसवले त्यांच्या पोरांना छावणीत अक्षरओळख झाली.

मग 'लढवय्या जातीं'चे खूळ आले. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती होता. काही जाती जन्माने लढवय्या आणि बाकीच्या नाहीत, या सिद्धान्ताचा तो मोठा पुरस्कर्ता. या धोरणात १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. बाबासाहेब तेव्हा अवघे वर्षाचे होते. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली या बंदीविरुद्ध अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. दार उघडले नाही.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली '१११ वी महार' पलटण उभी झाली. युद्ध संपले, गरज संपली, आणि १९२१ साली ती मोडली. पुढची वीस वर्षे दार पुन्हा जवळजवळ बंद. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण मंडळावर आले. आपल्या समाजाची स्वतंत्र पलटण हवी ही मागणी त्यांनी लावून धरली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला झाली आणि ती बर्माच्या मोहिमेत गेली. १९४६ साली युद्धकाळात वाढवलेली फौज कमी करायला घेतली आणि हजारो शिपाई घरी पाठवले गेले.

आता बेरीज करा. १९१७ ला घेतले, १९२१ ला मोडले : चार वर्षे. १९४१-४२ ला घेतले, १९४६ ला सोडले : चार-पाच वर्षे. पेन्शनला लागतात १५. ज्यांना युद्धापुरते बोलावले आणि युद्ध संपताच घरी धाडले त्यांची १५ वर्षे भरणार कशी? पिढ्यान्‌पिढ्या सलग फौजेत राहू दिलेल्या जातींच्या घरी पेन्शनचे कागद आहेत, म्हणून सरकारी कपाटातही त्यांचे कागद जास्त काळ राहिले. आपल्यासाठी दार मधूनमधून उघडले, म्हणून पेन्शन नाही. पेन्शन नाही, म्हणून २५ वर्षांनी कागद रद्दीत. १९४६ साली सुटलेल्या माणसाची फाइल १९७१ नंतर कधीही जाळायला नियमाने मोकळीक दिली.

युद्धापुरते भरती होऊन सुटलेले इतर जातींचे शिपाईही या नियमात सापडले, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यांच्यापैकी अनेकांच्या भावकीत कोणी ना कोणी पुढे-मागे पेन्शनीत गेला. आपल्याकडे तो मार्गच तोडलेला होता. जात कायद्याच्या शब्दांत असावी लागत नाही. ती नियम लागू होण्याआधीच आपले काम उरकून बसलेली असते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही यावर निबंध लिहिले. खिडकीवर उभे राहिल्यावर ते नीट समजले.

नाव, आकडा आणि मौन

कोरेगावच्या स्तंभाची पायाभरणी १८२१ ची. त्यावर साध्या शिपायाचे नाव आहे. आता इराकमधल्या बसराच्या स्मारकाकडे पाहा. ते १९२९ साली खुले झाले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगे नसलेल्यांसाठी ते बांधले. त्यावर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले आणि हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. पण साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला नाव आलेच नाही. पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा : इतके मेले. कंपनी सरकारने शंभर वर्षांपूर्वी जे केले ते साम्राज्याच्या ऐन भरात करवले नाही.

हा आमचा आरोप नाही, त्यांचीच कबुली आहे. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातील ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान पद्धतीने झाले, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसे नावाने किंवा मुळीच स्मरली गेली नाहीत, असे त्यात म्हटले आहे. ही माणसे प्रामुख्याने हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन होती. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

आपल्याकडेही साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धातील ४६ मृत सैनिकांचे स्मारक आहे. गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात काही ठिकाणी या युद्धाच्या संगमरवरी पाट्या भिंतीत बसवलेल्या दिसतात : या गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले. पाटी दिसली की आम्ही एकच प्रश्न विचारतो. या आकड्यात गावाच्या वेशीबाहेरचे किती? आकड्याला वाडा नसतो आणि वाडी नसते. आपल्या माणसाचे रक्त आकड्यात मिसळते आणि अभिमान मात्र वेशीच्या आतला होतो.

शोधले तर काय होऊ शकते, याचा धडा पंजाबने दिला. पहिल्या महायुद्धात गेलेल्या तिथल्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची गाववार रजिस्टरे लाहोरच्या संग्रहालयात ९७ वर्षे पडून होती. परदेशातल्या पंजाबी कार्यकर्त्यांनी आणि ग्रिनिच विद्यापीठाने ती संगणकावर आणली आणि २०२१ मध्ये त्यांचा पहिला भाग लोकांसाठी खुला झाला. आज तिकडचा पणतू गावाचे नाव टाकून पणजोबा शोधतो. आपल्या पणजोबांसाठी अशी खटपट कोणी केली?

आमच्या हाती काय आले

पहिल्या अर्जाला उत्तर आले : नियमानुसार कागदपत्रे नष्ट. कोणत्या कार्यालयाकडून, ते आम्ही लिहीत नाही. भांडण कारकुनाशी नाही, नियमाशी आहे.

तिथेच बहुतेक घरे थांबतात. आम्हीही थांबणार होतो. पण एका निवृत्त हवालदार काकांनी सांगितले, "अरे, फाइल जाळतात, लाँग रोल जाळत नाहीत. तो मागा." लाँग रोल म्हणजे भरती झालेल्या प्रत्येकाची एक-एक ओळ असलेली मोठी नोंदवही. ती कायम ठेवायची असते. आम्ही पदक चिंचेने घासले. मागच्या बाजूला नंबर उमटला, शेवटचा आकडा पुसट. ३ की ८, यावर घरात दोन दिवस वाद. दोन्ही नंबर लिहून दुसरा अर्ज केला.

चार महिन्यांनी एक पान आले. त्यात नंबर, नाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख आणि कारण : फौज कमी केल्यामुळे. गावाचे नाव इंग्रजी कारकुनाने इतके वाकडे लिहिले होते की खारबाव आहे हे आधी माहीत असल्याशिवाय कळू नये. हुद्दा : शिपाई.

सुभेदार नव्हते. बक्षिसाचा उल्लेख नाही. काका गप्प झाले. वडिलांनी तो कागद हातात घेतला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. म्हणाले, "नाव तर आहे ना बाबांचं?"

हो, नाव आहे. खारबावच्या एका भूमिहीन महाराचे नाव, जो परत आल्यावर दुसऱ्याच्या शेतात आवणीला गेला, भिवंडीत यंत्रमागाच्या गाठी उचलत राहिला आणि १९५६ नंतर आयुष्यभर "बुद्धं शरणं गच्छामि" म्हणत जगला.

आता आपल्याच लोकांना दोन शब्द

आम्ही दरवर्षी १ जानेवारीला कोरेगावला जातो. पुढेही जाऊ. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले, ते आपल्या माणसांना त्यांच्याच इतिहासाची आठवण द्यायला. पण त्या स्तंभाला मानवंदना देऊन घरी आल्यावर आपल्यापैकी किती जणांना स्वतःच्या आजोबांचा नंबर सांगता येईल? दोनशे वर्षांपूर्वीचा शिपाई पाठ आहे आणि ऐंशी वर्षांपूर्वीचा घरातला शिपाई माहीत नाही. याला इतिहासाची जाण म्हणायचे का?

दुसरे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या शौर्यगाथांत दर वर्षी आकडे वाढतात, हुद्दे वाढतात. विरोधक यातली एक चूक पकडतात आणि सगळा इतिहासच खोटा ठरवतात. आमच्या घरी सुभेदार पदाची गोष्ट तीस वर्षे चालली, एका ओळीने संपली. पण त्याच ओळीने आजोबा खरे केले. फुगवलेला सुभेदार कोणीही टाचणी लावून फोडू शकतो. नोंदलेला शिपाई पुसता येत नाही.

तिसरे. सगळे बंदूकवाले नव्हते. फौजेबरोबर पाणकी, आचारी, सफाईवाले, हमाल, मजूर असे मोठे मनुष्यबळ जात असे. त्यांत आपली माणसे असणार, कारण ती कामे कोणाच्या माथी मारली जायची हे सांगायला नको. कागदावर आजोबा सफाईवाले निघाले तर तो कागद लपवू नका. बर्माच्या चिखलात ज्याने छावणी साफ ठेवली त्याच्याविना कोणती मशीनगन चालली असती? आपल्याच पूर्वजाच्या कामाची लाज वाटली तर आपण मनूचेच गणित चालवतो.

"पण ते इंग्रजांसाठी लढले," असा टोमणा येतोच. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज सुमारे २५ लाखांची होती. त्यात सगळ्या जाती, सगळे धर्म होते. त्यांच्या नातवांना कोणी देशभक्तीचा दाखला मागत नाही, तो फक्त आपल्याला मागतात. उत्तर एवढेच द्या : ज्या गावाने आमच्या आजोबांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्या गावाने त्यांच्याकडे निष्ठेचा हिशेब मागू नये. आणि फाळणीच्या वेळी निर्वासितांच्या तांड्यांना संरक्षण देत कोण चालले होते, तेही वाचा. त्यात महार रेजिमेंट होती.

याचा उपयोग काय?

उपयोग रोख आहे. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या उमेदवाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्या आजोबांना शाळेत घेतलेच नाही त्यांचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती त्यांचा सातबारा कुठून आणायचा? अशा घरात १९४२ च्या भरतीची नोंद हा कदाचित एकमेव सरकारी कागद असतो आणि त्यावर जात लिहिलेली असेल तर तो नातीच्या प्रवेशापर्यंत पोचतो. १९५६ नंतर आपण 'बौद्ध' लिहू लागलो हा आपला अभिमान आहे. पण मागची साखळी जोडायला जुना कागद लागतोच.

म्हणून या कामाला लागा. पद्धत अशी :

१. आधी घर झाडा. पदक, फोटो, मनीऑर्डरची पावती, डिस्चार्ज बुक, जुने पाकीट. नंबर मिळाला की अर्धे काम झाले. नंबर नसेल तर पलटणीचे नाव, गाव, वडिलांचे नाव.

२. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा. पुरुष गोष्ट मोठी करून सांगतात. आजीला मनीऑर्डर कुठून यायची ते आठवते.

३. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, मग त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. महार रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे. अर्जात "लाँग रोलमधील नोंद" असे स्पष्ट लिहा. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. उत्तर नाही आले तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा.

४. नावाची स्पेलिंग तीन-चार प्रकारे लिहून द्या. आडनाव तेव्हा लावले जात होते का, तेही विचारून घ्या. एकोणिसाव्या शतकातला पूर्वज असेल तर आडनाव शोधत बसू नका, 'नाक' शोधा.

५. युद्धात वारले असतील तर युद्ध समाधी आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. बर्मात मेलेल्या आणि थडगे नसलेल्यांची नावे रंगून स्मारकावर आहेत.

आणि सरकारकडे आमच्या तीन मागण्या आहेत. १९५० पूर्वीच्या सगळ्या लाँग रोलचे स्कॅनिंग करून ते वारसांना खुले करा. बिनपेन्शनीच्या कागदांना २५ आणि पेन्शनीच्या कागदांना ५० वर्षे हा भेद संपवा. बार्टीने गावोगावच्या अनुसूचित जातींच्या सैनिकांची नोंदवही तयार करावी. शिष्यवृत्त्या द्या, पण ज्यांच्या खांद्यावर उभे आहोत त्यांची यादीही करा.

वेळ थोडा आहे. १९४२ ला गेलेला माणूस आता राहिलेला नाही. त्याची मुले सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या आठवणीतला नंबर, गाव, पलटण आणखी पाच-दहा वर्षे टिकेल. त्यानंतर खिडकीपलीकडचा माणूस म्हणेल ते खरे.

आमच्या खारबावच्या घरात आता बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ते एक पान लॅमिनेट करून लावले आहे. हुद्दा शिपाई, गाव वाकड्या स्पेलिंगचे. धाकट्या भाचीने परवा विचारले, "पणजोबा सुभेदार नव्हते?"

आम्ही सांगितले, "नव्हते. पण होते."

जय भीम! नमो बुद्धाय!